राहिलेला फोल्डर

"आता या तारा काढतो. तुम्ही उगाच घाबरू नका," असं म्हणून काकांनी चारही डिस्कच्या तारा उपटल्या आणि कॉम्प्युटरचं पोट उघडंच ठेवलं.

एक्स-रे क्लिनिकच्या डॉक्टरीणबाई घाबरल्या नव्हत्या. त्या मशीनकडे बघतच नव्हत्या, काकांकडे बघत होत्या. बायको जाऊन बावीस दिवस झालेले असताना माणूस रविवारी आपणहून कामावर आला, की लोक असंच बघतात. काकांना सगळे तोंडावर काका म्हणत आणि पाठीमागे पेचकस, कारण गेली सोळा वर्षं त्यांच्या खिशात पेन नसलं तरी पेचकस हमखास असायचा.

काम तसं साधं होतं. क्लिनिकचे बारा वर्षांचे एक्स-रे या चार डिस्कवर मिळून होते, प्रत्येकीवर तुकडा तुकडा. ही मोट काकांनीच सॉफ्टवेअरने बांधली होती. जुनी ऑपरेटिंग सिस्टीम काढून आता नवी बसवायची होती. नवी विकणाऱ्या माणसाने फोनवर ठासून सांगितलं होतं, की डिस्क पुसाव्याच लागतील. काकांनी ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. कोण कोणाची जोडीदार हे त्या डिस्कवरच लिहिलेलं असतं, सिस्टीम कुठलीही येवो. भीती एकच. नवी सिस्टीम बसताना तिला अनोळखी डिस्क दिसल्या, की ती गोड शब्दांत विचारते, तयार करू का? तयार करणं म्हणजे पुसणं. भले भले तिथे हो म्हणून डोक्याला हात लावून बसलेत, म्हणून काका आधी तारा काढत.

"पण सगळ्याची प्रत आहे ना, काका?"

"आहे."

सोळा वर्षांत ते बाईंशी पहिल्यांदा खोटं बोलले. आठवडाभर बसून त्यांनी वेगळ्या डिस्कवर प्रत काढली होती, आधी वर्षं, मग महिने, मग एकेक पेशंट. एका क्रमांकापाशी हात थांबला आणि पुढच्या फोल्डरवर गेला. तो बायकोचा होता. आत सात एक्स-रे होते. पहिल्यात बाईंना काहीतरी पांढरं दिसलं होतं आणि सातव्यात ते सगळीकडे होतं. नंतर करू, असं काकांनी ठरवलं आणि नंतरही केलं नाही. आता हजारो परक्या छात्यांची, गुडघ्यांची, मणक्यांची प्रत होती, फक्त तिची नव्हती. चार डिस्क पुन्हा जुळल्या नाहीत तर तीच तेवढी जाणार होती.

अजूनही तारा लावून तिची प्रत काढता आली असती. काकांना ते कळत होतं. त्यांनी नवी सिस्टीम चढवायला घेतली.

मध्येच धाकट्या बहिणीचा फोन आला, दादा जेवलास का, डबा पोचला का. जेवलो म्हणाले. एकदा सुरुवात झाली, की दुसरं खोटं सोपं जातं.

सिस्टीम बसली. काकांनी मशीन बंद करून तारा परत जोडल्या, चालू केलं, आणि पडद्यावर दोनच डिस्क दिसल्या. एखादी हरवली असती तर उरलेल्या तिघींनी सांभाळून घेतलं असतं. दोघींना ते झेपत नाही. बाई खुर्चीतून उठल्या. काकांना काहीच झालं नाही. छातीत धडधडायला हवं, एवढं त्यांना समजलं. पण गेले बावीस दिवस असंच चाललं होतं. लोक रडत होते तेव्हाही काका त्यांना बसायला खुर्च्या लावत होते.

त्यांनी पुन्हा मशीन बंद केलं. न दिसणाऱ्या दोघींना वीज पोचवणारी तार एकच होती आणि ती अर्धवट बसली होती. अंगठ्याने दाबली, कट्ट आवाज आला. मशीन चालू केलं, आणि या वेळी चौघी दिसल्या.

"एखादा उघडून बघा ना," बाई म्हणाल्या.

काकांनी यादी न बघता एक क्रमांक टाकला. बाईंनी तो ओळखला असावा, कारण त्या एक पाऊल मागे सरकल्या. पडद्यावर बरगड्या आल्या आणि गळ्याजवळ एक सेफ्टी पिन. दोनदा सांगूनही बायको ती काढायची विसरली होती. बाई पुन्हा काढू म्हणाल्या तेव्हा ती हसली होती, राहू दे डॉक्टर, माझ्यात धड असं तेवढंच दिसतंय.

"हिची प्रत नव्हती काढली," काका म्हणाले. "मी तुम्हाला खोटं सांगितलं."

"मग आता काढा," बाई म्हणाल्या. "मी बाहेर बसते. कोणाला आत सोडत नाही."

दार लागलं. काकांनी प्रतीची डिस्क जोडली, फोन बंद केला, खुर्ची पडद्याजवळ ओढली. चष्मा पुसून नीट बसवला आणि बटण दाबलं.

बारा वर्षांना सात दिवस लागले होते. तिला चार सेकंद लागले. काकांना वाटलं होतं, बराच वेळ लागेल. ते तसेच बसून राहिले.