सुंदररावांचा फोन मी विसरलो नाही

मी सिदूच्या मोटारसायकलचा स्टिरिओ बोलतोय. कानात बोटं घालायची असतील तर आत्ताच घाला.

अंबाजोगाईच्या दुकानात मला निवडायला सिदूनं अर्धा दिवस घालवला. दुकानदार राधाकिशन रंगीत लायटिंगवाले डबे दाखवत होता. "लायटिंग काय चाटायचंय? आवाज दाखवा," सिदू म्हणाला. तसा मी हँडलवर आलो.

कॉलेज सोडून सिदू घरच्या मेंढरांमागं लागलेला. गावानं त्याला वाया गेलेला ठरवलं. मी वाजलो की पारावरची म्हातारी माणसं ओरडायची, "अय, आवाज कमी कर बे!" स्वतः मात्र दिवसभर लोकांच्या सुना चघळायची. त्यांचा आवाज कुणी कमी करायचा?

निवडणूक आली आणि तीच म्हातारी माणसं गोड झाली. सरपंचपदाला उभे राहिलेले सुंदरराव वस्तीवर आले, स्वतःचा फोन ब्लूटूथनं मला जोडला आणि त्यात भरलेलं भाषण गावभर फिरवलं. "गायरान मेंढरांचंच राहणार!" मागच्या सीटवरून म्हणायचे, "वाढव सिदूबाळ, आवाज वाढव!" मी घसा फुटेस्तोवर त्यांचं खोटं ओरडलो. ती लाज अजून जात नाही.

सरपंच होताच त्यांनी गायरानात पोराच्या पेट्रोल पंपासाठी चुना मारून जागा आखली. सिदूची आई सारजाबाई विचारायला गेली. तिला उन्हात उभं करून ते आतून म्हणाले, "मेंढरं इका अन् ऊस तोडायला जा."

सिदूनं भांडण केलं नाही. त्यानं मला वाढवलं. सीटखाली ॲम्प्लिफायर, मागं दोन दांडगे स्पीकर.

"ह्यात आधीचा कुणाचा तरी फोन जोडलेला हाय," राधाकिशन म्हणाला. "काढू का? न्हाई तर जवळ आला की आपसूक धरंल."

"ऱ्हाऊ द्या."

ग्रामसभेला सिदूनं गाडी मारुतीच्या देवळासमोर लावली, चावी चालूच ठेवली. सुंदरराव बोलायला उठले, "गायरानाला कुणी हात लावणार न्हाई..." तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. भर सभेत फोन घेण्याची त्यांना लई हौस. त्यांनी फोन कानाला लावला, पोराचा आवाज माझ्यातून आला.

"आबा, मी मुंजाजी. जेसीबी गायरानात घातलाय. मेंढरंवाले समदे सभंतच हायत न्हवं? तासभर गोड बोलून बसवून ठिवा!"

देवळाच्या कळसावरची कबुतरं उडाली.

"बंद कर ते! आवाज कमी कर बे, सिद्या!"

"कावून आबा? प्रचारात तर वाढव म्हणत होतात," सिदू म्हणाला आणि त्यानं बटण शेवटपर्यंत फिरवलं.

सुंदररावांनी काठी घातली, माझा एक स्पीकर फाटला. पण सभा तोवर गायरानाकडं पळत सुटली होती. पुढं सारजाबाई. तिनं सगळी मेंढरं जेसीबीपुढं नेऊन बसवली. ड्रायव्हर चावी घेऊन पळाला.

आता मी एका बाजूनं खरखरतो. सुंदरराव आमच्या वस्तीवरून फोन बंद करून जातात. कधीतरी चालू करतीलच. राधाकिशन, स्पीकर हवा तर बदल. त्यांचा फोन तेवढा माझ्यातून काढू नको.