पायाशी पांढरा दगड

मी एक जुने फाटक आहे आणि मी रागावलेले आहे. मित्रांनो, जुन्या वस्तूंनी गोड बोलावे असा रिवाज आहे. माझ्याच्याने तो पाळवत नाही.

वेल्सच्या डोंगरात, जिथे घरची कुरणे संपतात आणि मोकळा डोंगर सुरू होतो, तिथल्या दगडी भिंतीत मी उभे आहे. गुटो नावाच्या मेंढपाळाने मला ओकच्या लाकडातून घडवले. आता त्याची मुलगी नेस्ट मेंढ्या पाळते. त्या वर डोंगरावर चरतात. बर्फाची चाहूल लागली की एक म्हातारी करडी मेंढी पुढे होते आणि बाकीच्या तिच्यामागून माझ्यातून खाली येतात. त्यांना कुणी हाकावे लागत नाही. आईबरोबर ही वाट चाललेले कोकरू मोठे झाले की आपल्या कोकराला घेऊन येते. वाट अशीच शिकली जाते.

म्हणून आभाळ भरून आले की नेस्ट मला उघडते आणि पायाशी एक पांढरा दगड लावते. फाटक मुद्दाम उघडे ठेवले आहे, हात लावू नका, असा त्याचा अर्थ. आमच्या खोऱ्यात हे शेंबड्या पोरालाही कळते.

पण डोंगर चढायची पायवाटही माझ्यातूनच जाते. फिरायला येणारे माझे कौतुक करतात, माझ्यावर बसून फोटो काढतात. त्यांच्या वजनाने माझ्या बिजागऱ्या खिळखिळ्या झाल्या. तेही मी सोसले. त्यांच्यातल्या हेडली नावाच्या एकाला मात्र मी माफ करणार नाही.

गेल्या हिवाळ्यात तो डोंगरावरून उतरत होता. मी उघडे दिसताच कुणाच्या तरी निष्काळजीपणाला नावे ठेवत त्याने मला लावले. वर दोरीची पक्की गाठ मारली. दगड भिंतीतून पडला असेल असे समजून त्याने तो उचलून नीट भिंतीवर बसवला. मी जिवाच्या आकांताने करकरले. त्याला वाटले, बिजागरीला तेल हवे.

संध्याकाळी मेंढ्या आल्या. मी बंद होते. त्या भिंतीच्या आडोशाला एकमेकींना चिकटून उभ्या राहिल्या आणि वाऱ्याने सगळे बर्फ नेमके तिथेच आणून टाकले. म्हातारीने माझ्या फळ्यांमधून तोंड आत घातले होते. तिचा श्वास मला कळत होता. मग कळेनासा झाला.

सकाळी नेस्टने फावड्याने, शेवटी हातांनी बर्फ उकरले. कुत्रा हुंगून जागा दाखवत होता. काही तरण्या मेंढ्या जिवंत निघाल्या. वाट दाखवणाऱ्या जुन्या सगळ्या गेल्या. नेस्ट गाठीकडे बघत राहिली.

वसंतात हेडली मित्राला घेऊन आला आणि माझ्यावर थाप मारून म्हणाला, "त्या दिवशी हे सताड उघडं टाकलं होतं कुणीतरी. मी नसतो तर काय झालं असतं?"

भिंतीपलीकडे नेस्ट पडलेले दगड रचत होती. ती न उठताच म्हणाली, "तुम्ही नसतात तर माझ्या मेंढ्या घरी आल्या असत्या."

तिने त्याला सगळे सांगितले. त्याचे तोंड उतरले. फाटक लावावे असे लहानपणापासून शिकवले होते, असे काहीसे तो पुटपुटला. माफी मागितली, दगडही खाली आणून ठेवला. माणूस वाईट नव्हता. म्हणूनच मला जास्त चीड येते.

यंदा पुन्हा आभाळ भरून आले. नेस्टने मला उघडले, पायाशी दगड लावला आणि वाट बघितली. कुणी आले नाही. तरण्या मेंढ्या आजवर नुसत्या मागून चालत आलेल्या; बर्फाची चाहूल ओळखून त्यांना आणणारे कुणी उरले नव्हते. शेवटी साठी ओलांडलेली नेस्ट काठी टेकत, हाका मारत, भुरभुरत्या बर्फात स्वतः वर चढली. मी उघडे राहून तिची पाठ दिसेनाशी होताना बघत होते.

मित्रांनो, डोंगरात फाटक जसे दिसेल तसे ठेवा. लावलेले असेल तर लावा, उघडे असेल तर ते का उघडे आहे ते विचारा. विचारायला कुणी नसेल तर आपले हात खिशात ठेवा.