वीतभर पाणी

चाळीसगावच्या दक्षिणेला जे डोंगर आहेत, त्यांतल्या वाटा अतिकला घरच्या जिन्यासारख्या पाठ होत्या. बाप गाद्या भरायचा, थोरला भाऊ अजूनही तेच दुकान चालवतो. अतिक मात्र शाळा बुडवून डोंगरात पळायचा. त्या पळण्याचंच पुढे काम झालं. पुण्यातली एक संस्था सुट्टीत शहरातली मुलं पाठवायची आणि अतिक त्यांच्या पाठीवर सॅक चढवून तीन दिवस रानातून चालवायचा. अकरा वर्षांत एकाही पोराला साधा टाका घालावा लागला नव्हता.

यंदा दहावीची परीक्षा संपल्यावर, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, दहा मुलंमुली आली. मुलींकडे बघायला भडगावची नूतन होती, ती शाळेत खेळ शिकवायची.

निघण्याआधी बारा दिवस अतिक एकटाच वर जाऊन आला होता. पठारावर खडकात खोदलेलं एक जुनं टाकं आहे. दुसऱ्या दिवशीचं पाणी तिथेच भरायचं, कारण त्याच्या अलीकडे-पलीकडे थेंब मिळत नाही. एरवी या दिवसांत त्यात कमरेएवढं पाणी असायचं. या वेळी वीतभर होतं, तेही हिरवं. अतिकने खाली उतरताच संस्थेच्या माणसाला फोन लावला, म्हणाला की वाट बदलू या. पलीकडून उत्तर आलं की पालकांना कार्यक्रम कळवून झालाय, तुम्ही जुने जाणते आहात, बघून घ्या. अतिक ‘बघतो’ म्हणाला. त्याला ‘नाही’ म्हणायचं होतं; पण इतक्या वर्षांत त्याने या डोंगरांबद्दल कुणाला नाही म्हटलं नव्हतं.

मुलांत पुनम नावाची एक मुलगी होती. पुण्यात वाढलेली, पण वडील हेमराज मूळचे एरंडोलकडचे. त्यांनी निघताना अतिकला फोन करून सांगितलं होतं, की आपल्याकडचा माणूस नेतोय म्हणून पाठवतोय, नाहीतर तिच्या आईचा नकारच होता. पुनमला अहिराणीचे दोन-चार शब्द येत. पहिल्या दिवशी चढणीवर ती मागे वळून सगळ्यांना ओरडून सांगत होती, “बठ्ठा चला, बठ्ठा!” म्हणजे सगळे चला, आणि पोरं हसत होती.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला ते टाक्यापाशी पोचले. तळाशी भेगाळलेला चिखल होता आणि त्यात रानडुकरांच्या खुरांचे ठसे. अतिक खाली उतरला, एका कोपऱ्यात हाताने उकरू लागला. कोपरापर्यंत हात गेला तरी ओल लागली नाही. वर काठावर मुलं रिकाम्या बाटल्या घेऊन रांगेत उभी होती. ती अजून थट्टामस्करी करत होती.

मागे फिरावं तर चार तास. पुढे उतरून गेलं तर तीन तासांवर एक वस्ती होती, तिथे विहीर. फोनला रेंज नव्हती. नूतन बाजूला येऊन हळूच म्हणाली की ऊन उतरेपर्यंत सावलीत बसू. पण सावली कुठे होती? सगळ्या झाडांचा पाला झडून गेला होता. अतिकने पुढे जायचं ठरवलं. ज्यांच्याकडे पाणी उरलं होतं त्यांचं एकत्र करून सारखं वाटलं, माणशी चार-पाच घोट आले. दोघा मोठ्यांनी आपले घोट मुलांना दिले.

उतार उघडा होता. खडकाची धग बुटांतून वर येत होती. अतिक दर थोड्या वेळाने थांबून एकेकाला विचारायचा, पाणी आहे ना, चक्कर येत नाही ना. पुनमला विचारलं तेव्हा तिने बाटली वर करून मान हलवली. बाटली निळी होती, आतलं दिसत नव्हतं. तो पुढे गेला.

दोन वाजता ती भलतीच बोलायला लागली. दप्तर कुठे ठेवलं, बस सुटेल, असं काहीतरी. तिचा घाम थांबला होता. अतिकने कपाळाला हात लावला आणि ऊन लागलंय हे त्याला कळलं. त्याने तिची सॅक तिथेच टाकली, तिला पाठीवर घेतलं आणि नूतनला बाकीच्यांना हळूहळू आणायला सांगून निघाला. वाटेत ती दोनदा ओकली, मग तिची मान त्याच्या खांद्यावर लुळी पडली. तो सबंध उतार तो तिच्याशी बोलत राहिला. ती उत्तर देत नव्हती.

वस्तीतलं पहिलं घर कमलबाईंचं. त्यांनी काही विचारलं नाही. “सावलीमा निजाड, भाऊ. पोरनं अंग चुल्हासारखं तपेल शे,” म्हणाल्या आणि अख्खा रांजण तिच्यावर रिता केला. त्यांचा मुलगा मोटारसायकलने रेंज मिळेल तिथवर गेला. रुग्णवाहिका यायला पाऊण तास लागला. चाळीसगावहून तिला धुळ्याला हलवलं. डॉक्टर आधी म्हणाले, मूत्रपिंडं बंद पडताहेत. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

हेमराज तेव्हा बाहेरच्या बाकावर बसले होते. बायको आत होती. ते अतिकवर ओरडले नाहीत. म्हणाले, ऊनच यंदा तसं आहे, तुम्ही तिला पाठीवर आणलंत असं नूतनबाई सांगत होत्या.

संस्थेच्या माणसाने सकाळीच बजावलं होतं, की पाणी अचानक आटलं एवढंच सगळीकडे सांगायचं. नूतननेही हात जोडले होते, म्हणाली अतिकभाऊ, तुम्हाला दोन लेकरं आहेत. अतिक भिंतीला टेकून उभा होता.

“मी आधी जाऊन आलो होतो,” तो म्हणाला. “बारा दिवसांपूर्वी. पाणी वीतभरच होतं. टिकणार नाही असं मला वाटलं होतं. तरी मी मुलांना घेऊन गेलो.”

हेमराजांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “हे कशाला सांगितलंत? मी देवाने नेली म्हणून घरी गेलो असतो.”

पोलिसांकडेही अतिकने तेच लिहून दिलं. गुन्हा त्याच्या एकट्याच्या नावावर दाखल झाला. संस्थेने कळवलं की वाट ठरवण्याचा सर्व निर्णय स्थानिक मार्गदर्शकाचा होता. जामीन झाल्यावर तो भावाच्या दुकानात बसू लागला. गिऱ्हाईक आलं की भाऊच बोलायचा. कमलबाईंना भेटून यावं असं त्याच्या मनात अनेकदा आलं, पण डोंगराच्या दिशेने जाणारी गाडी त्याच्याने धरवली नाही.

जूनमध्ये एका दुपारी फोन आला. त्या दहा जणांतली सदफ होती. रोज फोन करायचं ठरवते आणि ठेवून देते, म्हणाली. मग तिने सांगितलं, की त्या दिवशी उतारावर तिला चक्कर आली तेव्हा पुनमने तिला आपल्या वाटणीचं सगळं पाणी पाजलं होतं आणि सरांना सांगू नको म्हणाली होती.

अतिक दुकानाच्या पायरीवर जाऊन बसला. आतून भाऊ काहीतरी विचारत होता.

“तुझा काही दोष नाही,” तो म्हणाला. “पाणी बघायचं काम माझं होतं.”

“पण मी नसतं प्यायले तर, सर?”

“तरी हेच झालं असतं.”

हे खरं आहे की नाही, त्याला ठाऊक नव्हतं.  सदफने हळू आवाजात विचारलं, “नक्की ना?” तो ‘नक्की’ म्हणाला. ती ‘बरं, सर’ म्हणाली. तिला ते पटलं नव्हतं, हे त्याला कळत होतं. मग तिने फोन ठेवला.