माझी मागची जागा

“हँडल उताराकडे, अंग डोंगराकडे! घाबरलीस की तो खाली ओढणारच, पोरी. तू वर झुक!”

हा आवाज मकार शुकिनचा. मी तेव्हा नवी होते आणि त्याची लेक लुशा बारा वर्षांची होती. आम्ही एका तिरप्या उतारावर अडकलो होतो, खाली देवदारांचे शेंडे दिसत होते. लुशा रडवेली झाली, पण डोंगराकडच्या पायपट्टीवर दोन्ही पाय रोवून तिने मला आपल्याकडे ओढले. मी एका कुशीवर कलले, आणि त्या उतारावरून आडवी रेघ ओढत आम्ही दोघी पार गेलो.

मित्रांनो, मी एक जुनी बर्फगाडी आहे. माझी कीव करू नका, मला ती आवडत नाही. माझे नाक फुटले आहे, डाव्या अंगाचे प्लास्टिक तारेने शिवले आहे. सुरू होताना मी खोकते आणि निळा धूर सोडते. पण मी सुरू होते.

माझा जन्म इथला नाही. मी सपाट मुलखातल्या एका कारखान्यात तयार झाले. पुढे दोन स्की, मागे रुंद रबरी पट्टा आणि पोटात तापट इंजिन घेऊन मी ट्रकमधून कूटनी पर्वतातल्या या दरीत आले. मकार लाकडाच्या गिरणीत कामाला होता. त्याने मला घरी आणले आणि पहिल्याच दिवशी पाना-पक्कड घेऊन माझी बैठक काढली! मला वाटले, संपले. पण त्याने तिच्या जागी दुप्पट लांब बैठक बसवली आणि मागे पाठ टेकायला लोखंडी नळीचा कठडा जोडला.

शेजारचे हसले. “मकार, डोंगर चढायची गाडी आहे ती. सोफा काय लावतोस तिला?”

“एकटा वर जाऊन काय करू?” मकार म्हणाला. “झाडांशी गप्पा मारू?”

त्या दिवसापासून मला मागची जागा मिळाली. तिच्यावर कोण कोण बसले म्हणून सांगू! गिरणीतले सोबती बसले, शाळेच्या बाई बसल्या, घट्ट डोळे मिटलेला एक पोस्टमनही बसला. मकारची बायको असेपर्यंत तीही बसायची. नंतर लुशा बसू लागली. माझ्यामागे लाकडांनी भरलेली घसरगाडीही असे, कारण वर, झाडे संपतात तिथे, दरीतल्या लोकांनी मिळून बांधलेली एक झोपडी आहे. तिच्यातली चूल मकारने बनवली. हिवाळाभर तिथे जो येईल त्याला ऊब मिळावी, म्हणून प्रत्येकाने वर जाताना चार ओंडके न्यायचे, असा सगळ्यांचा नेम होता.

मकारचा स्वतःचा आणखी एक नेम होता. हिवाळ्यातल्या पहिल्या फेरीला तो घरी भाजलेला पाव, मूठभर मीठ आणि एका सुरईत पाणी घेऊन जायचा. झोपडीतल्या टेबलावर त्या तीन वस्तू मांडायचा. त्याच्या पंथाच्या लोकांत मूर्ती नाही, पुजारी नाही. देव समोरच्या माणसात बसलेला असतो, म्हणून समोरच्या माणसापुढे वाकायचे, एवढीच त्यांची पूजा. झोपडीत त्या दिवशी जो कुणी असेल, लाकूडतोड्या असो की विद्यार्थी, तो मकारपुढे वाकायचा आणि मकार त्याच्यापुढे. मग सगळे मिठाला लावून पाव खायचे. मी खिडकीबाहेर तापलेल्या अंगाने उभी राहून हे बघायचे. माझ्या धुराड्याला गुंडाळून गरम केलेल्या पिरोहींचा, म्हणजे बटाटा भरलेल्या करंज्यांचा, वास अजून माझ्या पत्र्याला असेल.

पुढे मकारच्या कमरेचे सांधे गेले. हँडल लुशाच्या हातात आले आणि मकार मागच्या जागेवर गेला. गेला म्हणजे नुसता बसण्यापुरता. त्याची जीभ पुढेच होती.

“डावीकडून घे. डावीकडून! झरा आहे तिथे.”

“पापा, मला माहीत आहे.”

“माहीत आहे तर उजवीकडे का चाललीस?”

“तुम्ही उतरून चालत येता का?”

“तुझ्याआधी पोहोचेन मी.”

अशी भांडत दोघे वर जायची, आणि मला त्या भांडणाचे ओझे कधी झाले नाही.

मग स्नोबाइक आल्या.

पहिली डॅरिलने आणली. डॅरिल म्हणजे लुशाचा डोंगरातला सोबती, हात सढळ आणि तोंड त्याहून सढळ. त्याने एक मोटरसायकल घेतली, पुढचे चाक काढून तिथे एकच स्की लावली आणि मागच्या चाकाच्या जागी अरुंद पट्टा. गाड्या उतरवायच्या मैदानात मला पाहून तो ओरडला, “लुशा, पलंग घेऊन कुठे निघालीस? उशी घेतलीस का?”

खोटे कशाला बोलू? दाट झाडीत, जिथे माझे खांदे दोन खोडांत अडकतात आणि मग अर्धा दिवस फावडे चालवावे लागते, तिथून ती स्नोबाइक सुईसारखी निघून गेली. तिला कुशीवर ओढावे लागत नाही, ती आपणहून कलते. लुशाने ती एकदा चालवून पाहिली. झाडांच्या आतून मला तिचे हसणे ऐकू आले. असे ती बारा वर्षांची असताना हसायची. त्या हसण्यावर मी रागावू शकले नाही, आजही रागावत नाही.

एका हिवाळ्यात सगळे बदलले. ज्या मैदानात आम्ही वीस जणी उभ्या असायचो, तिथे मी एकटी उरले. लुशानेही स्नोबाइक घेतली. तिने आधी मकारला विचारले होते, आणि सगळे तिथेच बिघडले.

“पापा, तिला मागे बसायला जागा नसते.”

“मग?”

“मग तुम्ही वर कसे येणार?”

“वर काय ठेवलंय माझं?” मकार म्हणाला. “घे तू. खुशाल घे.”

ती दुपार मी विसरणार नाही. लुशा बाहेर जाताच मकार काठी टेकत शेडमध्ये आला. माझ्यावरचे कापड त्याने अर्धेच सारले, मागच्या जागेवर बसला आणि कठड्याला पाठ टेकली. डोंगराकडच्या भिंतीकडे तोंड करून बराच वेळ बसला. मग उठला, कापड नीट केले आणि गेला. वर काय ठेवलंय म्हणणाऱ्या माणसाचे ते बसणे लुशाने पाहिले असते तर! पण मला बोलता येत नाही. मला फक्त सुरू होता येते.

पहिल्या फेरीचा दिवस आला. मकारने पाव भाजला. लुशाने पाव, मीठ आणि पाण्याची बाटली पाठपिशवीत भरली आणि डॅरिलबरोबर स्नोबाइकवर गेली. संध्याकाळच्या आत परतली. शेडच्या दारात ती बूट झाडत होती, तेव्हा मकार बाहेर आला.

“ठेवलास पाव?”

“ठेवला. दोनदा पडले, म्हणून जरा चेपला. गाडी थांबली की आडवीच होते.”

“मीठ?”

“ठेवलं.”

“पाणी?”

“गोठलं होतं. बाटलीच ठेवली.”

“नमस्कार कुणाला केलास?”

लुशा बुटाचा बंद सोडत राहिली. “कुणी नव्हतं आत. डॅरिल आणि बाकीचे बाहेरच थांबले, ऊन जाईल म्हणाले. आत फार गारठा होता. यंदा कुणी लाकूडच नेलं नाही, पापा. त्या गाड्यांना ओढता कुठे येतं?”

“मग वाकलीस कुणापुढे?”

“चुलीपुढे,” ती हळूच म्हणाली.

मकार हसला, अगदी खोकला येईपर्यंत हसला. “थंड चुलीपुढे वाकून आलीस! पाव काय, खारीही वर नेतात, पोरी. दुसरं माणूस न्यायचं असतं.”

तिने मान वर केली नाही. पण म्हणाली, “शनिवारी तुम्हाला नेते.”

“मी काय गाठोडं आहे न्यायला?”

“नेते म्हटलं ना.”

“आणि ही?” त्याने काठी माझ्याकडे केली. “हिला तर तू डॅरिलच्या त्या सुट्या भागवाल्या मित्राला देणार होतीस.”

सुटे भाग! मित्रांनो, माझे स्की एकीकडे, पट्टा दुसरीकडे, आणि मागची लांब बैठक तर कुणालाच नको, ती उकिरड्यावर. हे माझ्यासमोर बोलले गेले.

शुक्रवारी दिवसभर बर्फ पडले. हलके, कोरडे, ज्याची हे लोक वर्षभर वाट बघतात तसे. शनिवारी उजाडताच डॅरिलचा ट्रक दारात आला.

“लुशा, चल! गुडघ्याच्या वर आहे! त्या म्हातारीलाही ट्रेलरवर टाकू, माझा तो भागवाला मित्र रस्त्यातच भेटेल.”

“तिला हात लावू नकोस,” लुशा म्हणाली. “आणि मी येत नाही.”

“वेडी आहेस? असं बर्फ पुन्हा कधी मिळणार?”

“माहीत आहे.”

“म्हाताऱ्याला काय, पुढच्या आठवड्यात ने.”

“आज म्हटलंय. तुम्ही जा, आणि उघड्या उतारावर जाऊ नका. नवं बर्फ अजून बसलेलं नाही, सगळंच खाली येईल.”

डॅरिलने मान हलवली. “पलंगवाली ती पलंगवालीच,” असे म्हणून तो गेला. लुशा ट्रक दिसेनासा होईपर्यंत उभी होती. तिला जायचे होते, मित्रांनो. तिचे हात हँडल धरल्यासारखे मिटले होते. मी ते पाहिले, आणि तेव्हा मला तिचा जेवढा अभिमान वाटला तेवढा कोणत्याही चढावर वाटला नाही.

आता माझे एक ऐका. नवे जरूर घ्या. मीही एकदा नवी होते, आणि माझ्यामुळे कुणाची तरी बर्फावर चालायची जाळीदार पायताणे भिंतीवर टांगली गेली. झाडीतून जायला ती स्नोबाइकच चांगली, हे मी मान वर करून सांगते. पण जुने मोडीत घालण्याआधी त्याच्या मागच्या जागेवर कोण बसते, तेवढे बघा. तिथे कुणी बसत असेल, तर त्या जुन्याला तेल द्या, कापड घाला आणि उंदरांपासून जपा. मला भंगार म्हणणाऱ्यांना मी सांगते, मी भंगार नाही. माझ्यावर अजून दोन माणसे बसतात.

लुशा शेडमध्ये आली. तिने माझ्यावरचे कापड काढून घडी घातली. ठिणगीचा जुना प्लग बदलला, तेल पाहिले, घसरगाडीत ओंडके रचून दोरीने आवळले. मग तिने माझे इंजिन सुरू करायची दोरी ओढली. मी खोकले. पुन्हा ओढली. तिसऱ्यांदा मी निळा धूर सोडला आणि सगळी शेड दणाणून टाकली.

मकार पायरीवर उभा होता. कानटोपी घातलेली, बूट बांधलेले, काखेत फडक्यात गुंडाळलेला गरम पाव. “मी येत नाही म्हणून सांगायला आलोय,” तो म्हणाला.

“बरं,” लुशा म्हणाली.

तिने मला पायरीशी आणले, खाली वाकून त्याचा दुखरा पाय दोन्ही हातांनी उचलला, मागच्या जागेवरून पलीकडे ठेवला, आणि गुडघ्यांवर घोंगडी खोचली. मग पुढे बसून ती सावकाश निघाली.