काढून टाकलेला आवाज

रविवारी सकाळी थोरलीनं दिवाणखान्याच्या खिडक्या लावून घेतल्या, फ्रिज बंद केला, भिंतीवरचं घड्याळ उतरवून उशीखाली दडपलं, तरी आवाज करणारी एक गोष्ट खोलीत उरलीच होती, आणि ती वेताच्या खुर्चीत बसून पाय हलवत होती. बाबांना काही फ्रिजसारखं बंद करता येत नव्हतं.

थोरली दाताच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसायची. पन्नाशी उलटल्यावर तिनं सोडून दिलेलं गाणं पुन्हा धरलं होतं, आणि गाण्याच्या बाईंनी एका मोठ्या गायकवृंदासाठी तिचं नाव सुचवलं होतं. अट एकच, रेकॉर्डिंग स्वच्छ हवं. म्हणून आठवडाभर ती लॅपटॉपवरच्या त्या सॉफ्टवेअरशी झटापट करत होती. लाल ठिपका दाबला की रेकॉर्डिंग सुरू होतं, प्रत्येक रेकॉर्डिंगला पडद्यावर आपली स्वतंत्र पट्टी मिळते, आवाज चढला की पट्टीतली निळी रेघ फुगते, इथपर्यंत तिची मजल गेली होती. पण गाणं ऐकायला लागलं की त्यात बाबा असायचेच. खुर्चीची करकर, घसा खाकरणं, आणि दुसऱ्या कडव्याच्या ऐन मध्यावर एक दणदणीत ‘वा!’ आयुष्यभर बस चालवलेला माणूस, हळू बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं.

त्यांना दुसऱ्या खोलीत बसवावं हे तिला सुचलं नाही असं नाही. पण लेकीचं गाणं चालू असताना ते उठले नसते, आणि उठा म्हणायला तिची जीभ रेटली नसती. तेवढ्यात तिला सॉफ्टवेअरमध्ये एक सोय सापडली. गाण्याआधी थोडी नुसती शांतता रेकॉर्ड करायची, ती निवडून सॉफ्टवेअरला दाखवायची, मग त्या शांततेत जे काही कुरकुरत असेल ते सॉफ्टवेअर सगळ्या गाण्यातून गाळून टाकतं. त्या वेळी खोलीत कुणी नसावं, असंही तिथं लिहिलं होतं. ते तिनं वाचलं आणि सोडून दिलं.

“बाबा, आता जरा वेळ अजिबात हलायचं नाही. श्वासही हळू.”

“म्हणजे मीपण रेकॉर्डिंगमध्ये?”

“हो, तुम्हीपण.”

बाबांनी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि फोटोला बसावं तसे ताठ बसून राहिले. मग ती गायली. नंतर तिनं ती शांतता निवडली, आणि चिमूटभर मीठ पुरलं असतं तिथं मूठभर घालावं तशी गाळण्याचं प्रमाण ठरवणारी पट्टी थेट शेवटपर्यंत ओढली. गाणं इतकं लख्ख निघालं की तिला स्वतःचाच हेवा वाटला.

दुपारी बाईंचा फोन आला, निवड झाली होती. बाबा चहा ढवळत होते. “बाबा, घेतलं मला!” ती ओरडली. ते क्षणभर गोंधळल्यासारखे तिच्याकडे बघत राहिले, मग तिच्या चेहऱ्यावरचं हसू पाहून त्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांचा आवाज आला नाही. चमचा कपात फिरत होता, त्याचाही नाही. मग बाबांचे ओठ हलले, आणि ते आपली थट्टा करताहेत असं समजून ती हसली.

पण थट्टा संपेना. ती वेताच्या खुर्चीत बसली की खुर्ची करकरायची, बाबा बसले की मुकी. नळ, हॉर्न, शेजारची भांडी, सगळं ऐकू येत होतं. डॉक्टरांनी तिचे कान तपासून ठणठणीत असल्याचं सांगितलं. “बाबांचा आवाज बसलाय का गं?” तिनं फोनवर धाकट्या बहिणीला आडून विचारलं. “कसला बसलाय! काल बोलले तर कान दुखले माझे,” धाकटी म्हणाली. थोरलीनं फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडली. ‘गप्प बसा हो बाबा’ हे वाक्य तिनं किती वर्षं किती सहज वापरलं होतं! आता त्यांच्या एका खाकरण्यासाठी तिनं गायकवृंद काय, गाणंसुद्धा ओवाळून टाकलं असतं. सरावाला जाणं तिनं सोडलंच.

शेवटी एका दुपारी तिनं लॅपटॉप उघडला. केलेलं मागे घ्यायचं बटण पुसट होऊन बसलं होतं, कारण फाईल एकदा बंद केली की मागचं काही परत घेता येत नाही. मूळ प्रत मात्र तिनं जपली होती, ती तिनं लावली. दुसऱ्या कडव्यात ‘वा!’च्या जागी निळी रेघ चांगली टम्म फुगलेली दिसली, पण कानावर फक्त तिचं गाणं आलं. समोर खुर्चीत बाबा धाकटीचा आलेला फोन कानाला लावून ओठ हलवत होते.

मग तिला गाळण्याच्या सोयीखालीच दुसरा पर्याय दिसला, फक्त काढलेला भाग ठेवा. तिनं तीच शांतता पुन्हा निवडली, तो पर्याय दाबला आणि हेडफोन चढवले.

तिचं गाणं नाहीसं झालं आणि बाबा आले. खुर्ची करकरली. श्वास आला. तिच्या प्रत्येक ओळीखाली ते अगदी हळू गुणगुणत होते, एकही शब्द न चुकता. इतक्या हळू त्यांना येतं हे तिला कधी कळलंच नव्हतं. ‘वा!’ आला तेव्हा तिनं तोंडावर पदर दाबला.

गाणं संपलं, पण रेघ थांबली नाही. कपात चमचा फिरला. टाळ्या वाजल्या. आणि मग बाबांचा आवाज, समोर हलणाऱ्या त्यांच्या ओठांशी तंतोतंत जुळणारा.

“थोरलीचं काय बिनसलंय गं? निवड झाल्यापासून तिच्या तोंडून शब्द ऐकला नाही मी. समोर येते, नुसते ओठ हलवते.”

“बाबा!” ती जिवाच्या आकांतानं ओरडली. “बाबा, मी बोलतेय!”

बाबांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं, कसंनुसं हसले, आणि हेडफोनमध्ये त्यांचा आवाज आला, “बघ, आत्ताही तेच करतेय.”