मागायच्या आत

आमच्या हॉस्पिटलात ओटीबाहेरच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरबाहेरच्या, हात धुवायच्या खोलीत जुन्या वैद्यांची शपथ टांगलेली आहे. काचेला कोपऱ्यात तडा गेलाय आणि साबणाचे शिंतोडे उडून खालच्या दोन ओळी पुसट झाल्यात. ती तिथे टांगली आमच्या मोठ्या सर्जननी, म्हणजे सरांनी, आणि कारण ऐकाल तर हसाल. शपथ सावकाश दोनदा म्हटली की हात धुवायला लागतो तेवढा वेळ बरोबर होतो, घड्याळाकडे बघायला नको. सर कोपरापर्यंत साबण लावत एकेक ओळ म्हणायचे, आम्ही त्यांच्या मागून म्हणायचो, आणि शपथ संपली की कोपराने नळ बंद. सव्वीस वर्षं मी ती म्हणत आले. अर्थाकडे लक्ष देऊन किती वेळा म्हटली, ते विचारू नका.

मी ओटीतली सिस्टर. सर्जनच्या शेजारी उभं राहायचं आणि त्याच्या हातात हत्यारं द्यायची, हे माझं काम. चांगली सिस्टर मागितल्याबरोबर देते. त्याहून चांगली सिस्टर मागायच्या आत देते. मी दुसऱ्या प्रकारातली. स्वतःची टिमकी वाजवायची म्हणून सांगत नाही, याच गोष्टीने घात केला म्हणून सांगते.

नवी होते तेव्हा मी गोंधळायची. चिमटा मागितला की मी कात्री द्यायची. दुसरे सर्जन हत्यार ट्रेमध्ये आदळायचे आणि चारचौघांत माझी अक्कल काढायचे. सर चुकीचं हत्यार हळूच बाजूला ठेवायचे आणि बरोबरचं येईपर्यंत हात तसाच पुढे धरून थांबायचे. माझी चूक कुणाला कळूसुद्धा द्यायचे नाहीत. शपथेत पहिलीच ओळ आहे, ज्याने शिकवलं त्याला आईबापांच्या जागी मानीन. ती ओळ मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नाही.

दोन वर्षांपूर्वी एक पित्ताशयाचं ऑपरेशन होतं. पित्ताशय काढायचं तर त्याची नळी आधी दोऱ्याने बांधायची, मग कापायची. सरांनी हे इतक्या वेळा केलेलं की डोळे मिटून केलं असतं. त्या दिवशी नळी समोर दिसत होती आणि सरांचा हात माझ्यापुढे उघडा होता, पण ते काही मागेनात. मी वर बघितलं. मास्कच्या वरचे डोळे घरचा रस्ता चुकलेल्या माणसाचे होते. मी दोरा हातावर ठेवला. दोरा लागल्याबरोबर बोटं सफाईने कामाला लागली. "वा, सिस्टर," सर म्हणाले. मला वाटलं, दमले असतील.

दोन महिन्यांनी त्यांनी बांधायच्या आधीच कात्री मागितली. मी दोरा दिला. त्यांनी बांधलं, जसा काही दोराच मागितला होता.

तिथून पुढे मी हत्यारं देत नव्हते, पुढची पायरी देत होते. ट्रेमधून मी जे उचलीन ते सर करत होते. कुणाच्या लक्षात आलं नाही. मदतीला येणारे शिकाऊ डॉक्टर दर तीन महिन्यांनी बदलतात, सर थांबले की त्यांना वाटायचं आपली परीक्षा चाललीय. भूल देणारे डॉक्टर पडद्यापलीकडे शब्दकोडं सोडवत बसलेले. आणि सकाळी हात धुताना शपथ घडाघडा, एक शब्द इकडचा तिकडे नाही. "सरांची स्मरणशक्ती बघा," म्हणून सगळे माना डोलवायचे. मी मात्र आत जाऊन ट्रेमधली हत्यारं पायरीच्या क्रमाने लावायची.

मग मागच्या वर्षी मी तापाने आडवी झाले. तीन दिवस घरी होते. त्या तीन दिवसांत एका बाईचं पित्ताशय निघालं, आणि आठव्या दिवशी ती बाई हळदीसारखी पिवळी होऊन परत आली. तिची आणखी दोन ऑपरेशनं झाली. पोटातलं पित्त बाहेर काढणारी रबरी नळी आणि खिशात तिची पिशवी घेऊन ती अजून तपासणीला येते आणि बाकावर एका कुशीवर कलून बसते. "होतं कधी कधी," असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले. माझ्या जागी उभ्या राहिलेल्या सिस्टरला मी एकदा सहज विचारलं. ती म्हणाली, "सरांनी जे मागितलं ते मी दिलं की."

दरवर्षी हॉस्पिटलच्या नीतिसमितीचा एक कागद येतो. समितीला ती जुनी शपथ पसंत नाही, कालबाह्य म्हणतात, म्हणून त्यांनी प्रश्न काढलेत. चौथा प्रश्न असा, एखाद्या सहकाऱ्याच्या क्षमतेबद्दल तुम्हाला शंका आहे का? हो किंवा नाही. मी दोन्ही वर्षं 'नाही'वर खूण केली. दुसऱ्या वर्षी ती बाई बाहेर बाकावरच बसली होती. मी मनाशी म्हटलं, आता रजाच घ्यायची नाही, म्हणजे झालं. खरंच घेतली नाही. एवढ्यावर मी स्वतःला माफ करून टाकलं होतं.

आणि मग माझ्या धाकट्या बहिणीच्या पित्ताशयात खडे निघाले.

"तुझ्याच सरांकडून करायचं," ती म्हणाली. "त्यांच्या हाताला गुण आहे म्हणून तूच तर आयुष्यभर सांगत आलीस."

"धाकटे सर्जन पण चांगले आहेत गं."

"ताई, मला घाबरवू नकोस. तू शेजारी उभी असशील ना? मग झालं तर."

मलाही तेच वाटलं होतं, मी असेन. सोमवारी दुपारी मेट्रनबाईंनी यादी लावली आणि माझं नाव खोडलेलं. रक्ताच्या नात्यातलं माणूस टेबलावर असेल तर आपण ओटीत उभं राहायचं नाही, हाही समितीचाच नियम. हात कापतो, बुद्धी फिरते, म्हणून. नियम चांगला आहे. मी मेट्रनबाईंच्या हातापाया पडले, त्या म्हणाल्या, "अगं, सर आहेत ना, काळजी कसली करतेस?"

मंगळवारी सकाळी बहीण बाहेर ट्रॉलीवर होती. टोपीत केस कोंबलेले, मला बघून हात हलवत होती. मी हात धुवायच्या खोलीत गेले. सर एकटेच होते, साबण लावत म्हणत होते, "जे माझ्या हाताला येत नाही, ते ज्याला येतं त्याच्या हाती सोपवीन."

"सर, ही ओळ पुन्हा म्हणा."

त्यांनी म्हटली, जराही न अडखळता.

"सर, पित्ताशयाची नळी समोर आलीय. आता काय मागाल?"

ते हसले. तोंड उघडलं, पण शब्द आला नाही. नळाचं पाणी वाहत राहिलं. मग त्यांचा ओला हात आपोआप पुढे आला, टेबलावर येतो तसाच, उघडा, आणि त्यांची नजर माझ्या हातांवर गेली. मी काय उचलते ते बघायला. माझे हात रिकामे होते. त्यांनी आपला हात हळूच मागे घेतला. त्यांचा चेहरा मला बघवेना.

"किती दिवस झाले?" त्यांनी विचारलं.

"दोन वर्षं, सर."

"आणि तुम्ही देत होतात."

"हो."

"आज कोण आहे टेबलावर?"

"माझी बहीण. सख्खी."

सरांनी कोपराने नळ बंद केला. "आणि ती तुमची बहीण नसती तर?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण मी दिलं नाही. त्यांनी स्वतःच मेट्रनबाईंना सांगून धाकट्या सर्जनला बोलावलं, हात पुसले आणि गेले. बहिणीचं ऑपरेशन पाऊण तासात झालं. "तुझे सर ऐन वेळी आलेच नाहीत," म्हणून ती अजून कुरकुरते. दुपारी मी समितीला सगळं लिहून दिलं, त्या बाईसकट. त्यांनी माझीही फाइल उघडलीय. उघडू देत.

बुधवारी सकाळी हात धुवायच्या खोलीत गेले तर सर उभे. बाह्या वर केलेल्या, तोंडाने शपथ चालू. दाराशी मेट्रनबाई डोळ्याला पदर लावून उभ्या होत्या, आत जायचं धाडस कुणालाच होईना.

"या, सिस्टर. आज काय आहे?"

मी आत गेले. तीच ओळ पुन्हा म्हणायला लावली, तोच प्रश्न विचारला. तोच हात पुढे आला. मग दोन वर्षं सांगितली, बहीण सांगितली. सरांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, शब्दसुद्धा तेच.

"आणि ती तुमची बहीण नसती तर?"

उद्या यांना आठवणार नाही, एवढ्याच बळावर मी बोलले. "नसतं सांगितलं, सर. एका बाईचं वाटोळं झालं, तरी नव्हतं सांगितलं."

ते ओरडतील असं वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं थोडं सरकून मला नळापाशी जागा करून दिली.

"हात धुवा," ते म्हणाले. "आणि शपथ म्हणा. आज मी ऐकतो."

मी साबण घेतला आणि सुरुवात केली. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. तिसरीला "जाणूनबुजून मी कुणाचं" इथपर्यंत आले आणि अडले. सव्वीस वर्षं रोज म्हटलेली ओळ, पुढचं काही आठवेना. पाणी वाहत होतं. मी वर बघितलं.

"वाईट होऊ देणार नाही," सरांनी पुढचे शब्द दिले. मी मागायच्या आत.