सळीच्या खालच्या अंगाला

वादळ ओसरून एकच रात्र झाली होती. लोचेनटाल दरीच्या माथ्यावर, झाडी संपते तिथे, आम्ही चौघं स्कीवर उभे होतो: माझा थोरला भाऊ आम्ब्रोस, त्याची बायको फिलोमेना, गावातला चीज करणारा वेन्डेलिन आणि मी, उर्बान. समोरच्या उतारावर वाऱ्यानं आणून टाकलेला बर्फ गुळगुळीत बसला होता.

"हा थर घसरेल. जंगलातून वळसा घेऊ," वहिनी म्हणाली.

"म्हणजे संध्याकाळ. उर्बान, बघ, बाईसाहेबांची शाळा भरली," आम्ब्रोस म्हणाला.

"जायचंच असेल तर एकेकानं. बीकन चालू आहे ना? गाडला गेलास तर त्याच्याच सिग्नलवर शोधायचं."

आम्ब्रोसनं छातीवर थाप मारली आणि निघाला.

तो मध्यावर असताना पोतं आपटावं तसा दबका आवाज आला. उतारावर आडवी भेग गेली आणि खालचा सगळा बर्फ सुटला. आम्ब्रोस दिसला, मग त्याचा हात दिसला, मग काहीच दिसलं नाही.

वेन्डेलिन धावत सुटला होता. वहिनीनं त्याच्या पाठपिशवीचा पट्टा धरून ठेवला, वर आणखी बर्फ लटकत नाही याची खात्री होईपर्यंत. हात दिसला त्या जागेवरची नजर तिनं हलवली नव्हती.

"आपल्या तिघांचे बीकन सिग्नल सोडणं बंद करून शोधावर टाका, नाहीतर एकमेकांनाच शोधत बसू. उर्बान, हेलिकॉप्टरला फोन लाव."

बीकनवरचा अंतराचा आकडा उतरत गेला. ती गुडघ्यांवर बसली आणि पाठपिशवीतली घडीची लांब सळी जोडून बर्फात खुपसत राहिली. एका ठिकाणी सळी रुतली नाही, आपटलीही नाही. किंचित मागे उसळली.

"हा बघा."

सळी तशीच रोवून ती उठली, तोवर वेन्डेलिननं सळीपाशीच फावडं घातलं होतं.

"मागे हो!"

"अगं, इथंच आहे तो!"

"म्हणूनच. त्याच्या तोंडापुढे मूठभर हवा असेल, ती तुझ्या वजनानं दाबशील. उतारावर सळीच्या खालच्या अंगाला ये. आडवं खणत जायचं."

तिनं वेन्डेलिनला पुढे लावलं, मला त्याच्यामागे, स्वतः शेवटी. तो तोडायचा, आम्ही मागे लोटायचो. तिनं हाक दिली की जागा बदलायच्या.

आम्ब्रोसचं निळं जाकीट दिसलं तेव्हा ती पुन्हा शेवटी होती.

"वहिनी, तू पुढे ये."

"आत्ता थांबायचं नाही. लोट." आवाज फाटला होता.

डोकं मोकळं झाल्यावरच ती आत सरपटली. बोटानं त्याच्या तोंडातला बर्फ काढला, गाल नाकापाशी नेला.

"श्वास आहे."

बऱ्याच वेळानं आम्ब्रोस खोकला. "पाय आहेत का माझे?"

"दोन्ही. डावा वाकडा आहे. गप्प पड."

हेलिकॉप्टरमधून उतरलेला डॉक्टर त्या आडव्या भुयाराकडे बघत राहिला. "कोणी खणलं हे?"

"खणलं आम्ही, खणवलं हिनं," वेन्डेलिन म्हणाला. "मी तर त्याच्या तोंडावरच उभा होतो."

हेलिकॉप्टर उडालं. वहिनी सळीची घडी करायला बसली, पण बर्फ धरलेला सांधा सुटेना. मी हात पुढे केला.

"राहू दे. जमेल मला."

जमलं.

दरीत कुठेही गेलो की लोक विचारतात, तू आम्ब्रोसचा भाऊ ना? मी सांगतो, फिलोमेनाचा दीर.